होडीच्या पाठीला इंजिन टांगणारा ओले

मालवण-तारकर्लीला कॉलेजच्या ग्रुपसोबत गेला असाल तर छोट्या फायबर होडीतून डॉल्फिन बघायला गेलाच असाल. डॉल्फिन दिसले का, हा प्रश्न वेगळा! पण होडी सुटताना मागे बसलेल्या दादाकडे लक्ष दिलं होतंत? मागच्या फळीला लटकलेलं इंजिन तो पाण्यात सोडतो, दोरी खेचतो. एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा ते खाकरतं आणि सुरू होतं. किनारा जवळ आला, पाणी उथळ झालं, की तोच दादा अख्खं इंजिन तिरकं करून वर घेतो. खाली पंखा वाळूत घासायला नको म्हणून.

याला आउटबोर्ड मोटर म्हणतात. होडीच्या पोटात न बसवता बाहेर टांगलेलं इंजिन. आपण त्या वेळी सेल्फी काढत असतो, त्यामुळे ते टांगलंय कसं, हे काही बघत नाही. मीसुद्धा बघितलं नव्हतं.

मग माझ्या मावसभावाने मला एक फोटो पाठवला. तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यांच्या ग्रुपने प्रोजेक्टसाठी एक जुनी, छोटी फायबरची होडी घेतली, सेकंडहँड मोटर मिळवली आणि ती टांगायला लोखंडी ब्रॅकेट स्वतः बनवायचं ठरवलं. फोटोत ब्रॅकेट एकदम मस्त होतं, वेल्डिंगही झकास. पण बोल्टच्या भोवती फायबरला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडल्या होत्या. मोटर नुसती अडकवून दोन मिनिटं चालवली होती, बास. पोरं हिरमुसली होती. मी मात्र वेगळ्याच प्रश्नात अडकले. होडीच्या पाठीला इंजिन टांगायचं, हे मुळात सुचलं कुणाला?

उत्तर शोधताना एक माणूस भेटला. नाव ओले एव्हिनरूड. हो, ओलेच! आणि आयुष्यभर काम केलं पाण्याचं. मराठी माणसाला याहून लक्षात राहील असं नाव सापडणार नाही.

बापाला नको होती ती होडी

ओलेचा जन्म १९ एप्रिल १८७७ चा, नॉर्वेतल्या योविक गावाजवळचा. तो पाचेक वर्षांचा असताना घरचे सगळे अमेरिकेला गेले आणि विस्कॉन्सिन राज्यात केंब्रिज नावाच्या गावाजवळ शेती करू लागले. शेताच्या जवळच एक तळं होतं, लेक रिप्ली. आता नॉर्वेच्या रक्ताचं पोरगं आणि समोर पाणी. पुढे काय होणार ते तुम्हाला कळलंच असेल.

शाळा फार झाली नाही. शेतीतही त्याचं मन नव्हतं. मन होतं अवजारांत आणि होड्यांत. असं सांगतात, की पंधरा-सोळा वर्षांच्या ओलेने लपूनछपून एक शिडाची होडी बनवायला घेतली. वडिलांना पोराने दर्यावर्दी व्हायला नको होतं. त्यांना ती सापडली आणि त्यांनी लाकडं चुलीत घातली. ओलेने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी होडी पूर्ण झाली, तळ्यात उतरली, आणि सुट्टीला आलेल्या लोकांना तो पैसे घेऊन फेऱ्या मारू लागला. पोराच्या होडीवर पैसे मिळतात म्हटल्यावर वडिलांचा विरोधही निवळला म्हणे.

यातली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी घडली असेल का? अशा गोष्टींना वर्षानुवर्षं कल्हई होत असते, हे लक्षात ठेवा. पुढे आणखी एक अशीच गोष्ट येणार आहे.

सोळाव्या वर्षी ओले घर सोडून मॅडिसन शहरात गेला. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात लागला. दिवसा काम, रात्री स्वतःच पुस्तकं आणून गणित आणि इंजिनिअरिंग. तिथून पिट्सबर्ग, शिकागो, शेवटी मिलवॉकी. हातात डिग्री नव्हती, पण तो पॅटर्नमेकर झाला. आपल्याकडे कोल्हापूरच्या फौंड्रीत कुणाला विचारलंत तर पॅटर्नमेकरचा मान किती ते कळेल. धातूचा जो भाग ओतायचा, त्याचा हुबेहूब लाकडी नमुना तो आधी बनवतो. तो नमुना वाळूत दाबून साचा तयार होतो आणि त्यात वितळलेला धातू ओततात. नमुन्यात केसभर चूक झाली, की पुढचा प्रत्येक भाग चुकलेला.

म्हणजे ओले आधी हाताने विचार करायला शिकला, हे डोक्यात ठेवा.

धंद्यात मात्र त्याचं गणित जमत नव्हतं. १९०० नंतरच्या काही वर्षांत त्याने भागीदारीत इंजिनं बनवायचे उद्योग काढले, पण ते टिकले नाहीत. त्याच काळात मिलवॉकीत आणखी काही तरुण शेडमध्ये इंजिनाशी झटापट करत होते. त्यांचं नाव हार्ले आणि डेव्हिडसन. ओलेने त्यांना इंजिनासाठी मदत केली होती, असं त्या मोटारसायकलीच्या इतिहासात सांगितलं जातं. त्यांची गाडी सुसाट निघाली. ओले अजून जागेवरच होता.

आणि मग आइस्क्रीम वितळलं

मिलवॉकीत ओलेची ओळख झाली बेस केरीशी. ती कारकुनी आणि हिशेबाचं शिक्षण घेतलेली मुलगी होती. ओले कमी बोलणारा आणि लिहायचं म्हटलं की घाम फुटणारा. बेस त्याची धंद्याची पत्रं लिहून द्यायला लागली. १९०६ मध्ये दोघांनी लग्न केलं.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली ती प्रसिद्ध गोष्ट. मिलवॉकीच्या पश्चिमेला ओकॉची नावाचं तळं आहे. मित्रमंडळी तिथल्या बेटावर सहलीला गेली होती. ऊन मी म्हणत होतं. बेसला आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओलेने वल्ही उचलली आणि काठावर गेला. अंतर चारेक किलोमीटर. आइस्क्रीम घेतलं, परत वल्हवत निघाला, आणि बेटावर पोहोचेपर्यंत त्याचं दूध झालं होतं. त्या घामाघूम अवस्थेत त्याला वाटलं, की होडीला मोटर असती तर!

रोमँटिक आहे ना? कंपनीने ही गोष्ट पुढे भरपूर वापरली. पण पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला पहिल्या दिवसापासून एक सवय लावतात, ती म्हणजे गोड गोष्ट ऐकली की थांबून विचारायचं, हा खरंच पहिला होता का?

नव्हता. होडीबाहेर इंजिन लावायचे प्रयत्न ओलेच्या आधीपासून चालू होते. १८९६ मध्येच अमेरिकेत अशी मोटर विकायचा प्रयत्न झाला होता. कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या माणसाने १९०५ च्या सुमारास स्वतःची मोटर चालवून दाखवली आणि ती बाजारातही आणली. मग आपण आज ओलेची गोष्ट का वाचतोय?

कारण त्याची मोटर चालायची. रोज चालायची, आणि साध्या माणसाच्या हातात चालायची.

मोटर अशी टांगली

१९०७ च्या सुमारास ओलेने बनवलेली ती मोटर डोळ्यासमोर आणा. सगळ्यात वर एक आडवं चाक, म्हणजे फ्लायव्हील. त्यालाच एक मूठ, ती धरून फिरवली की इंजिन सुरू. चाकाखाली आडवा ठेवलेला एक सिलिंडर. तिथून सरळ उभा खाली जाणारा दांडा. पाण्याखाली दोन गिअर ही उभी फिरकी आडवी करतात आणि शेवटी पंखा फिरतो. मधे पकड, म्हणजे क्लॅम्प. होडीच्या मागच्या फळीवर ती अडकवायची, स्क्रू आवळायचे, झालं. होडीला भोक पाडायचं नाही, तळ कापायचा नाही, सुताराला बोलवायचं नाही. वल्ह्याची होडी सकाळी मोटरबोट होणार आणि संध्याकाळी मोटर काढली की पुन्हा वल्ह्याची.

तो पसारा बघून लोक हसले. हे तर कॉफी दळायचं यंत्र दिसतंय, अशी चेष्टा झाली. मग एका मित्राने ती मोटर एका दिवसासाठी मागून नेली आणि परत आला तो दहा मोटरींच्या ऑर्डर घेऊन, असं सांगतात. १९०९ मध्ये विक्री सुरू झाली. पहिल्या पंचवीस मोटरी हातानेच बनवलेल्या. ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड म्हणजे साधारण २८ किलो, आणि किंमत ६२ डॉलर. पौंडाला एक डॉलर!

विक्रीची बाजू पूर्ण बेसची. जाहिरातीचा मजकूर तिचा. वल्ही फेकून द्या आणि ही मोटर लावा, असा सरळ घरगुती सल्ला तिने छापला आणि पत्रांचा ढीग पडला. तोवर घरात मूलही होतं, १९०७ मध्ये मुलगा राल्फ झाला होता. हिशेब, पत्रव्यवहार, ऑर्डरी, सगळं बेस बघायची. मागणी समुद्रापलीकडूनही आली, खासकरून स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांकडून. ज्या भागातून ओले लहानपणी निघाला, तिथल्याच होड्यांच्या पाठीवर त्याचं इंजिन जाऊन बसलं. कारखाना वाढवायला पैसा लागला तेव्हा मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटींच्या धंद्यातला ख्रिस मेयर भागीदार म्हणून आला. १९११ मध्ये ओलेला पेटंटही मिळालं.

आजच्या भाषेत स्टार्टअप सुपरहिट. मग इथे फाउंडरने काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा.

त्याने कंपनी विकली

बेसची तब्येत ढासळत चालली होती. कामाचा ताण तिला झेपत नव्हता. १९१४ च्या सुमारास ओलेने आपला सगळा हिस्सा मेयरला विकून टाकला. स्वतःचं आडनाव लावलेली कंपनी दुसऱ्याच्या हातात दिली. शिवाय अट अशी, की पाच वर्षं या धंद्यात पाऊल टाकायचं नाही. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. नवरा, बायको आणि पोरगा गाडीतून देश बघत फिरायला लागले.

मला या गोष्टीतला सगळ्यात मोठा क्षण आइस्क्रीमचा वाटत नाही, हा वाटतो. बायकोसाठी चार किलोमीटर वल्हवणं सोपं आहे हो. चालता कारखाना सोडणं अवघड. आणि त्यागबिग म्हणून त्याचा गाजावाजाही त्याने केला नाही. बेस नसती तर कंपनीच नव्हती, एवढा साधा हिशेब.

पण हात स्वस्थ बसतात थोडेच! बेस सावरली आणि ओलेच्या डोक्यात जुन्या मोटरची एकच खोड घोळत राहिली, तिचं वजन. २८ किलोचं धूड गाडीतून काढायचं, वाळूतून न्यायचं, हलत्या होडीत वाकून मागच्या फळीवर चढवायचं. करून बघा. जिमला जाणाऱ्यांनीही करून बघा! ओलेने पोलाद आणि पितळेच्या जागी जिथे शक्य तिथे ॲल्युमिनियम वापरलं. एकाऐवजी दोन सिलिंडर घेतले. ताकद दुप्पट झाली, ३ हॉर्सपॉवर, आणि वजन उतरलं ४८ पौंडांवर, म्हणजे सुमारे २२ किलो.

अटीची पाच वर्षं संपली होती. तो डिझाइन घेऊन आधी मेयरकडेच गेला. मेयरला त्यात रस वाटला नाही. मग १९२० च्या आसपास ओले आणि बेसने नवी कंपनी काढली, नाव एल्टो. एव्हिनरूड यांची हलकी, दोन सिलिंडरची आउटबोर्ड, या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. स्वतःचं आडनाव विकून टाकलेला माणूस, वय त्रेचाळीसच्या आसपास, आणि आता स्पर्धा स्वतःच्याच आडनावाशी! त्यात १९२२ मध्ये जॉन्सन बंधूंनी त्याहून हलकी, ३५ पौंडांची मोटर आणली. म्हणजे आरामात बसायला वेळ नव्हताच.

शेवटी १९२९ मध्ये वर्तुळ पूर्ण झालं. एल्टो, जुनी एव्हिनरूड आणि लॉकवूड या तीन कंपन्या एकत्र आल्या आणि प्रमुख झाला ओले. आडनाव परत मिळालं. पण वर्ष बघा, १९२९. त्याच शरद ऋतूत अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. पोट भरायची मारामार असताना होडीची मोटर कोण घेणार? ते सगळे दिवस रेटत असतानाच १९३३ मध्ये बेस गेली. वर्षभराने, १२ जुलै १९३४ ला, ओले गेला. वय ५७. धंदा पुढे मुलाने, राल्फने, सांभाळला आणि वाढवला.

चिरा का पडल्या?

आता मावसभावाच्या फोटोकडे परत या. ओलेची गोष्ट वाचल्यावर मला त्या चिरा वेगळ्या दिसायला लागल्या. तुमच्यापैकी कुणी असा प्रोजेक्ट घेणार असेल तर हा भाग नीट वाचा.

पाण्याने भरलेली बादली अंगाशी धरा. मग तीच हात लांब करून धरा. दुसऱ्या वेळी खांदा बोंबलतो, कारण वजन तेच असलं तरी अंतर वाढलं. ब्रॅकेटचं हेच होतं. मोटर फळीपासून जितकी मागे टांगाल, तितकी ती वरच्या बोल्टना मागे ओढणार आणि ब्रॅकेटची खालची कड होडीत दाबणार. त्यात पंखा सुरू झाला की तो खालून पुढे ढकलतो. म्हणजे वरचे बोल्ट आणखी ओढले जातात. पोरांनी फक्त मोटरचं वजन धरलं होतं. पंख्याचा जोर आणि ते अंतर हिशेबात नव्हतंच.

दुसरी चूक, बोल्ट नुसत्या फायबरमधून आरपार काढले होते. फायबरचा पातळ थर असा एका जागी आलेला भार सोसत नाही. म्हणून मागच्या फळीच्या आत जाड मरीन प्लायवूड असतं. ते आहे का आणि कोरडं आहे का, हे आधी ठोकून बघायचं. भद्द आवाज आला तर आत पाणी शिरून लाकूड कुजल्याची शंका घ्यायची. आतल्या बाजूने चांगली रुंद प्लेट द्यायची, म्हणजे भार पसरतो. प्रत्येक भोक सीलंटने बंद करायचं, कारण पाणी शिरतं ते भोकांतूनच. खाऱ्या पाण्यात साधं लोखंड टिकत नाही, बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत.

तिसरी गोष्ट उंची. छोट्या मोटरींच्या दांड्याची लांबी साधारण १५ किंवा २० इंच अशा मापांत येते. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवी. मोटर फार वर टांगली तर पंखा वरची हवा ओढतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि होडी जागेवरच. फार खाली टांगली तर पाणी अडतं. आणि काहीही झालं तरी मोटरला एक साखळी किंवा दोरी होडीशी बांधायचीच. आवळलेला स्क्रू धक्क्यांनी सैल होतो, आणि तळाशी गेलेली मोटर कॉलेजला परत करता येत नाही.

यात नवीन काय? काहीच नाही. शंभरेक वर्षांपूर्वी मिलवॉकीतला पॅटर्नमेकर हाच हिशेब करत बसला होता. वजन किती, ते कुठे टांगणार, आणि ते उचलणार कोण? पहिले दोन प्रश्न आपण परीक्षेत सोडवतो. तिसरा पेपरात येत नाही. ओलेची ३ हॉर्सपॉवरची मोटर त्या तिसऱ्या प्रश्नातून जन्मली.

मे २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, तेव्हाच्या मालक कंपनीने एव्हिनरूड नावाच्या मोटरींचं उत्पादन थांबवलं. पहिल्या विक्रीपासून १११ वर्षांनी. नाव थांबलं, पण टांगायची पद्धत थांबली नाही. आज कोकणातल्या फायबर होड्यांवर दुसऱ्या कंपन्यांची इंजिनं दिसतात, पण मांडणी बघाल तर तीच आहे. वर इंजिन, मधे उभा दांडा, खाली पंखा आणि फळीला धरून ठेवणारी पकड.

मावसभावाच्या ग्रुपने ब्रॅकेट पुन्हा करायला घेतलंय. या वेळी मोटर फळीच्या जवळ आणलीय, आत प्लायवूड बदललंय, मागे प्लेट दिलीय. पाण्यात उतरवायचं बाकी आहे. चालेल की नाही ते कळेलच. पहिलं मोडलं म्हणून ते थांबले नाहीत, एवढं मात्र खरं. ओलेचीसुद्धा पहिली होडी चुलीत गेली होती.

पुढच्या वेळी होडीत बसलात, की डॉल्फिन दिसेपर्यंत वेळ असतोच. मागे वळून बघा. दोरी खेचणाऱ्या त्या दादाला विचारा, मोटर टांगली कशी. तो तुम्हाला या लेखापेक्षा जास्त सांगेल.